मांजराच्या नावाने सुकट

मला प्राणी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. कुत्रा चाटतो, मांजर ओरबाडतं, पोपट घाण करतो आणि माशांच्या टाकीतलं पाणी बदलायला शेवटी घरातली बाईच लागते. तरीही गेली काही वर्षं मी नेरूळ गावातल्या एका पशुखाद्याच्या दुकानाची कायमची गिऱ्हाईक आहे. सानपाड्याहून रिक्षा करून जाते, रांगेत उभी राहते आणि ज्यांच्याकडे बघून माझं डोकं उठतं अशा माणसांच्या खांद्याला खांदा लावून मांजराचं सामान घेते.

दुकान गावठाणात आहे. मालक तिथलाच, आगरी. त्याचा बाप याच जागेत सरकी पेंड, भुसा आणि मक्याचा भरडा विकायचा. तेव्हा गावात म्हशी होत्या. मग म्हशी गेल्या, शेतं गेली, खाजणं गेली, दुकानाच्या डोक्यावर चार मजले चढले आणि खाली काचेचं दार बसलं. दारावर इंग्रजी पाटी आली. आता पेंडेची पोती मागच्या अंधाऱ्या खोलीत असतात आणि पुढे, ट्यूबलाइटच्या झगझगाटात, कुत्र्यांचे रेनकोट टांगलेले असतात. चार पायांचे रेनकोट, टोपीसकट. ज्या गावात माणसं वर्षानुवर्षं डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन शेतात वाकली, तिथे.

तिथे येणारं गिऱ्हाईक बघण्यासारखं असतं. एक बाई कुत्र्याला बाबागाडीत घालून आणते. कुत्रा धडधाकट आहे, पाय चार आहेत, पण ती म्हणते, "पाम बीच रोडचा फुटपाथ गरम असतो ना, त्याच्या पंजांना त्रास होतो." बाबागाडी ढकलायला तिने एक मुलगी ठेवली आहे आणि त्या मुलीच्या पायांत झिजलेली स्लिपर असते. एक गृहस्थ दर शनिवारी पोतंभर ज्वारी घेतात आणि कबुतरांना घालतात. त्यांना पुण्य मिळतं आणि कबुतरांची घाण खालच्या मजल्यावरच्या लोकांना मिळते. सोसायटीने नोटीस काढली तर म्हणाले, मुक्या जिवाच्या पोटावर पाय देऊ नका. एक तरुण जोडपं कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक मागवत होतं आणि मालकाला बजावत होतं, "एगलेस हं. आमच्याकडे चालत नाही." कुत्र्याला विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

त्या सगळ्यांत मला धड वाटला तो एकच माणूस. उरणकडचा कोकणी मुसलमान, जासईच्या कंटेनर यार्डात कुठेतरी नोकरीला, बकरी ईदच्या आधी काही महिने बोकडासाठी चणाचुनी न्यायला यायचा. बाबागाडीवालीने एकदा लाडात येऊन त्याला विचारलं, "तुमचं पेट आहे का?" तो म्हणाला, "नाही बाई, कुर्बानीचा आहे. खाणार आम्ही." तिने तोंडावर हात ठेवला. मला मात्र बरं वाटलं. त्या दुकानात कशासाठी काय नेतोय हे सरळ सांगणारं माणूस मी तेवढंच पाहिलं. मी स्वतः तर तिथे खोटं सांगूनच माल घेत होते.

ते खोटं कसं सुरू झालं ते सांगते.

आमचं मूळ गाव खाडीकाठी. घरात भाजी नसली तर चालायचं, पण ताटात मासळी नसेल तर वडील ताटाकडे बघून विचारायचे, "आज कोन गेलं काय?" वडील गेल्यावर दादाने आईला नेरूळला आपल्या फ्लॅटवर आणलं. आई एकटी आली नाही. तिने कापडी पिशवीत घालून मांजर आणलं. करडं, म्हातारं, एक कान चिरलेलं. एसटीत कंडक्टरशी भांडून आणलं म्हणे. वहिनीने नाक मुरडलं, पण नवं दुःख होतं, त्यामुळे मांजर खपून गेलं.

अडचण वेगळीच होती. दादा आणि वहिनी त्याआधी एका सत्संगाला जाऊ लागले होते. आधी गुरुवार सुटला, मग शनिवार, मग श्रावण लांबत लांबत वर्षभराचा झाला. मासे, मटण, अंडं, लसूण सगळं घराबाहेर. मला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. हाच दादा लहानपणी कोलंबीच्या वाटणीवरून माझ्या झिंज्या उपटायचा. बांगड्याचं डोकं कोणी चोखायचं यावरून आमच्यात अबोला व्हायचा. पण दादाचे नऊ दिवस संपेनात. त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची पचनाची शांती आली. कोणी कोलंबी म्हटलं की तो डोळे मिटून हसायचा, जणू त्याच्या मागच्या जन्मातल्या एखाद्या खोडीची आठवण कोणी काढली.

ते त्यांचं ते. ज्याला जे खायचं ते त्याने खावं, सोडायचं ते सोडावं. पण आईने काय सोडलं होतं? तिला कोणी विचारलं नाही. ती आली त्या दिवशी ताटात मुगाची डाळ, भात आणि दुधी पडला, आणि पुढे रोज पडत राहिला. वहिनी वाईट नाही. वहिनी नीट वाढते, गरम वाढते, आणि वर म्हणते, "आई, या वयात हलकंच बरं." आई म्हणायची, "व्हय गो बाय, मला काय, दोन घास पुरे."

मी तिला रविवारी माझ्याकडे आणायचे. सुरमई तळायचे, तिसऱ्यांचं कालवण करायचे. ती जेवायची, समाधानाने ढेकर द्यायची, आणि मग संध्याकाळी परत गेली की वहिनी दारातच टॉवेल घेऊन उभी. बाहेरून 'ते' खाऊन आलेल्याने आधी डोक्यावरून आंघोळ करायची, मगच देवघराच्या बाजूने जायचं, असा त्या घराचा नेम. थंडीच्या दिवसांत, सत्तरी उलटलेल्या बाईने, दिवेलागणीला. दोन-तीनदा झालं आणि आईने माझ्याकडे जेवायला येणं बंद केलं. "गुडघे दुखतात," म्हणाली. माझ्याकडेच राहायला ये म्हटलं तर ऐकूनही घेईना. मुलगा असताना जावयाच्या घरी पडून राहिली तर गावात लोक काय म्हणतील, हे तिचं म्हणणं. गावात आता आमच्या घराला कुलूप होतं आणि म्हणायला माणसंही फारशी उरली नव्हती, पण ते असो.

मग एके दिवशी तिचा फोन आला. "मांजर गोळ्या खात नाय गो," ती म्हणाली. "त्याला सुकट लागते. गावाची सवय हाय. बघ कुठं मिळते का."

वहिनीने मांजरासाठी महागाच्या गोळ्या आणल्या होत्या, पाकिटावर गोऱ्या मांजराचा फोटो असलेल्या. पण सुकट? त्या घरात? आश्चर्य म्हणजे वहिनी तयार झाली. तिने सत्संगात विचारून घेतलं होतं. तिथून उत्तर आलं होतं की मुक्या जिवाला दोष लागत नाही, त्याचा आहार हाच त्याचा धर्म. झालं. त्या घरात मांसाहाराचा परवाना मिळाला तो मांजराला. अटी मात्र होत्या. मासळी बाजारातून आणायची नाही, प्राण्यांच्या दुकानातूनच, बंद पिशवीत. शिजवायची ती मागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, वेगळ्या कॉइलच्या शेगडीवर, वेगळ्या तव्यात. 'मांजराची भांडी' म्हणून एक तवा, एक जर्मनची वाटी आणि एक ताटली तिथे गेली. कामवाली त्यांना हात लावायची नाही. आई घासायची.

अशी मी त्या दुकानात पोचले. मागच्या खोलीत पेंडेच्या पोत्यांपलीकडे कोंबड्यांसाठी आणलेल्या सुकटीचं पोतं होतं. बारीक जवळा, त्यात रेती, काड्या, कधी खेकड्याची नांगी. मालकाने मापाने काढून दात काढणाऱ्या कुत्र्याचं चित्र असलेल्या पिशवीत भरून दिली. "मांजराला काय?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं.

पुढे आईच्या तक्रारी सुरू झाल्या. या वेळची सुकट खवट आहे, मांजर तोंड लावत नाही. यात रेती फार आहे. मोठा जवळा नाही का मिळत? ती जाड अंबाडी सुकट बघ. मग म्हणाली, सुके बोंबील मिळाले तर आण, त्याचे दात अजून चांगले हायेत. मी फोनवर वैतागायचे. म्हातारं मांजर, अर्ध्या कानाचं, आणि ही चोखंदळ जीभ! मी आईला म्हटलं, "तुझ्या मांजराला आता कोलंबीची खिचडी करून घालू का?" तिने ते कानाआड केलं. मग म्हणाली, "येताना लसनाची एक गड्डी आण. हिच्याकडे नसते." मी म्हटलं, मांजराला लसूण? तर म्हणाली, "पोटाला बरा."

तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आपली मांजरावर चिडण्यात गुंतलेली.

एका दुपारी मी न कळवता गेले. वहिनी सत्संगाला, दादा ऑफिसात. आईने दार उघडलं तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं आणि हात खरकटा होता. सगळ्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखे फुल होते, आणि तरीही तो वास आला. भाजलेल्या सुकटीचा, कांद्याचा, ठेचलेल्या लसणाचा. आमच्या गावच्या चुलीसमोरचा वास. मी सरळ ड्राय बाल्कनीत गेले. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्या बेचक्यात पाट होता. पाटापुढे मांजराची ताटली, त्यात भात आणि तांबूस परतलेला जवळा. आणि मांजर? मांजर पलीकडे आपल्या वाटीतल्या महागाच्या गोळ्या कडाकडा फोडत बसलं होतं. त्याला त्या भारी आवडायच्या.

"त्यालाच देत होते," आई म्हणाली. तोंडात घास तसाच.

मला रडू वगैरे आलं नाही. मला राग आला. माझ्या आईने कोंबड्यांच्या खाद्यातली रेती निवडून, जनावराच्या ताटलीत, कपडे धुवायच्या मशीनला टेकून चोरून जेवायचं, आणि का, तर तिच्या पोटच्या पोराच्या पुण्याला डाग लागू नये म्हणून. मी म्हटलं, "दादाला मी आज सांगते." तिने माझं मनगट धरलं, खरकट्या हाताने. "नाय सांगायचं. त्याच्या घरात मला राहायचं हाय. तुला दोन तास राहून जायचं हाय." मग जरा नरमून म्हणाली, "रेती धुतली की जाते गो."

मग मीही तिच्यासमोर लादीवर बसले आणि तिच्याच ताटलीतला एक घास खाल्ला. दाताखाली कचकन रेती आली.

त्यानंतर मी माल बदलला. दिवाळे गावच्या कोळणी आमच्याकडे बाजाराला बसतात, त्यांच्याकडून निवडक जवळा, खडखडीत बोंबील, कधी सुका बांगडा घ्यायचे. पण पिशवी दुकानाचीच लागायची, वहिनीच्या नजरेसाठी. म्हणून मी दुकानात जाऊन काहीतरी फालतू घ्यायचे, घुंगरू म्हणा, रबरी उंदीर म्हणा, आणि बाहेर ओट्यावर बसून माझा माल त्या दात काढणाऱ्या कुत्र्याच्या पिशवीत भरायचे. रबरी उंदरांचा घरी ढीग झाला. एकदा मालक दारात येऊन बघत उभा राहिला. म्हणाला, "ताई, पिशवी पायजे तर तशीच न्या ना. उंदीर कशाला घेता?"

मी ओशाळले. तो म्हणाला, "तुमी काय एकल्या हाव? सोसायटीवाले लय जनं नेतात सुकट मांजराचे नावानं. एवरी मांजरं हायेत कुटं नेरूलला?" आणि माझ्याकडून दुप्पट भावाचं घुंगरू परत न घेता आत गेला. मला त्याच्याबद्दल ममता वगैरे वाटली नाही. खोटेपणावर धंदा चालतो हे त्याला कळलं होतं आणि त्याने काचेचं दार त्याच पैशातून बसवलं होतं. पण घरी जाताना मी रिक्षातून सोसायट्यांच्या रांगा बघत होते. शुद्ध शाकाहारी टॉवर, देवळाच्या आकाराची गेटं, आणि किती जणांच्या ड्राय बाल्कनीत काय भाजलं जात असेल, देव जाणे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजरं उघड्या डोळ्यांनी गोळ्या खात होती आणि डोळे माणसांनी मिटले होते.

वर्षभर तरी हे बरं चाललं. आईच्या गालांवर मांस आलं. वहिनी कौतुकाने सांगायची, "मुगाच्या डाळीने बघा कशी तब्येत सुधारली." मी जीभ आवरून बसायचे.

मग मांजर मेलं. म्हातारं झालं होतं, एका सकाळी सोफ्याखाली निजलं ते उठलं नाही. आणि जिवंत असताना ज्याच्या केसांवरून त्या घरात रोज कुरकुर व्हायची, त्या मांजराचा वहिनीने जो काही सोहळा केला त्याला तोड नाही. मोबाइलवर त्याच्या फोटोचं स्टेटस, खाली मेणबत्ती आणि 'आमचा लाडका'. नाव तिला आठवेना, कारण त्याला नाव नव्हतंच. आई त्याला 'अरे' म्हणायची. सत्संगातल्या बायका भेटायला आल्या, एकीने त्याला पुढचा जन्म माणसाचा मिळेल असं सांगितलं. तेराव्या दिवशी वहिनीने ड्राय बाल्कनी फिनाइलने धुतली, शेगडी, तवा, ताटली, जर्मनची वाटी सगळं पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिलं आणि उदबत्ती लावली. "आता घर कसं शुद्ध वाटतं," ती म्हणाली. आई शेजारीच उभी होती.

त्या दिवसापासून आईचं जेवण तुटलं. ताटात चिवडायची आणि उठायची. तोंडाला चव नाही म्हणायची. दादा काळजीत पडला. खोटी काळजी नव्हती ती, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. "मांजराचं फार मनाला लावून घेतलंय तिने," तो मला म्हणाला. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने प्रोटीन कमी आहे म्हणून व्हॅनिलाच्या वासाची पावडर दिली आणि मन रमवा म्हणून सांगितलं. रोज सकाळी माझी आई, जिने आयुष्यभर खाडीतल्या निवट्यांपासून शेवंडापर्यंत सगळं रांधलं, ती व्हॅनिलाच्या वासाचं पांढरं पाणी पीत बसायची. दादा समोर उभा राहून ग्लास संपेपर्यंत बघायचा आणि मग समाधानाने ऑफिसला जायचा. तिचे ब्लाउज पुन्हा ढिले झाले. मी पर्समधून चोरून दोन बोंबील नेले तर तिने परत दिले. "कशात भाजू?" म्हणाली.

उपाय उघड होता. त्या घरात आईसाठी मासळी येणार नव्हती. मांजरासाठी येत होती. तेव्हा मांजर आणायचं.

मी दुकानात गेले. मागच्या खोलीत पेंडेच्या पोत्यांवर दुकानाची मांजरी कायम लोळत असायची आणि तिला कायम पिल्लं असायची. मालकाला म्हटलं, एक द्या. तो म्हणाला, "तुमाला? तुमी तर मांजराला बगून पदर सावरता." मी म्हटलं, द्या. त्याने एक पांढरं-काळं पिल्लू बिस्किटांच्या खोक्यात घातलं. बाबागाडीवाली तिथेच होती. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "ॲडॉप्ट करताय? यू आर सच अ गुड सोल." रिक्षा उभी होती, म्हणून ती सुटली.

दादाकडे पोचले तेव्हा संध्याकाळ होती. दादा सोफ्यावर बसून टीव्हीवर प्रवचन ऐकत होता, वहिनी भाजी निवडत होती, आई खिडकीजवळच्या खुर्चीत. मी खोकं टीपॉयवर ठेवलं. आतून बारीक आवाज आला आणि वहिनीने खोक्यात डोकावलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अहो वन्सं, आता नको हो हे," ती म्हणाली. "नुकताच सोफा करून घेतलाय नवीन. आणि ते सुकटीचं सगळं पुन्हा... आत्ता कुठे वास गेलाय घरातला."

"आईला सोबत होईल," मी म्हटलं. "दादा, डॉक्टरनेच सांगितलंय ना, मन रमवा म्हणून?"

दादाने प्रवचनाचा आवाज कमी केला. आईकडे बघून त्याने विचारलं, "आई, तुला पाहिजे का मांजर?"

मी आईकडे बघत होते. फक्त हो म्हण, बाकी मी बघते, असं डोळ्यांनी सांगत होते. आईने एकदा त्या खोक्याकडे बघितलं.

"मला मांजर नको," ती म्हणाली. "मला बोंबील पायजेत. भाजलेले. भाकरीसंगती."

टीव्हीवर महाराज हळू आवाजात काहीतरी सांगत होते. वहिनीच्या हातात मेथीची काडी होती, ती तशीच राहिली. आई आवाज न चढवता, हातातल्या रुमालाची घडी घालत बोलत होती. "ते मांजर सुकट खात नव्हतं. मी खात होते. पयल्या दिवसापासून. तिकडं मशीनपाशी बसून."

मला वाटलं, आता दादा काहीतरी म्हणेल. चिडेल, लाजेल, रडेल, काहीही. दादा उठला. टीपॉयपाशी आला, खोक्यात हात घालून त्याने ते पिल्लू बाहेर काढलं आणि त्याच्या पाठीवरून दोन बोटं फिरवली. कोणाकडेही न बघता, हनुवटीने माझ्या दिशेने खूण करत म्हणाला, "राहू दे हे मांजर. मांजराला लागेल ते ही आणत जाईल. पूर्वीसारखं."

तेव्हा मला कळलं की त्याला ठाऊक होतं. कदाचित पहिल्या पिशवीपासून. खाडीकाठच्या पोराला भाजलेल्या जवळ्याचा वास कळत नाही होय? संध्याकाळी घरी आल्यावर त्याला रोज कळत असणार की आज आई पोटभर जेवली आहे, आणि तो हातपाय धुऊन दिवा लावायला बसत असणार. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपल्या आईच्या तोंडचा घास मांजराच्या पोटात लपवून ठेवला होता आणि आत्ताही तो नवीन मांजर मागत होता, तेवढ्यासाठीच. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आईलाही ते कळलं. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हंजे मांजराने खाल्लेलं चालतं," ती म्हणाली.

दादाची बोटं पिल्लाच्या पाठीवर तशीच फिरत राहिली.

"बरं," आई म्हणाली. ती खुर्चीतून उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि तिने त्याच्या हातातून पिल्लू घेतलं. "मग मांजर राहील. पन हे मांजर बाल्कनीत जेवनार नाय. तिकडं वारा लागतो. याचा तवा किचनातल्या ग्यासवर चढेल. आनि हे सगळ्यांबरोबर टेबलावर बसून जेवेल. स्टीलच्या ताटात."

"अहो," वहिनी दादाला म्हणाली, "मांजर टेबलावर कसं—"

"बसेल," दादा म्हणाला, टीव्हीकडे बघत. "आई म्हणते तसं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोंबील घेऊन गेले. आईने ते किचनमध्ये भाजले. वहिनी तोंडाला पदर लावून हॉलमध्ये बसली, पण उठून गेली नाही. टेबलावर दादाच्या नेहमीच्या जागेशेजारी आईचं ताट होतं, त्यात भाकरी, बोंबील, बाजूला कच्चा कांदा. पिल्लू नव्या सोफ्यावर निजलं होतं. मी आईसमोर बसले होते. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी दारातून नाक आत घालून विचारलं, कसला हो वास? वहिनी उठली आणि दार अर्धं लोटून घेत म्हणाली, "नवीन मांजर आणलंय ना. फार खातं."

आईने तोंडातला काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि दुसरा बोंबील उचलला.